बाफल्यावर आलेला बाडस

इंदूरच्या स्टेशनावर मी सकाळच्या छोट्या लाइनीच्या गाडीत चढलो तेव्हा एका हातात करमरकर साहेबांची गळाची काठी होती, दुसऱ्या हातात त्यांची लोखंडी पेटी, गळ्यात त्यांचा कॅमेरा, बगलेत माझी चादर आणि तोंडात एक खोटं. बाकी सगळं सामान बडवाहला उतरवता येणार होतं.

खोटं असं, की नर्मदेत मोठा मासा कुठे बसतो ते मला ठाऊक आहे. मला तर आमच्या परदेशीपुऱ्यात पाण्याचा टँकर कुठे उभा राहतो तेही बायकोला विचारावं लागतं.

भुसावळचा माझा मामेभाऊ म्हणाला, बबन, तू ही गोष्ट दर लग्नात सांगतोस आणि दर लग्नात लोक मधेच जेवायला उठतात, एकदा लिहून टाक. म्हणून लिहितोय. शाळेत मी तिसरीपर्यंत गेलो. मतलब शाळेपर्यंत गेलो, आत कमीच. बोलतो तसं लिहिलंय. कुठे बरोबर दिसलं तर ते मुलीने दुरुस्त केलेलं आहे.

मिल बंद होऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. एकोणीस वर्षं मी वाइंडिंग खात्यात होतो. तिथे काम एकच. बॉबिनवरचं सूत मोठ्या कोनावर, म्हणजे शंकूसारख्या रिळावर, चढतं, मधे तार तुटते, ती जोडायची. तार म्हणजे सूतच, मिलमध्ये तारच म्हणतात. दिवसभर तुटायची, दिवसभर जोडायची. मिल बंद झाली, पण माझ्या पायांना कोणी नोटीस दिली नव्हती. शिफ्टची वेळ झाली की ते आपोआप घराबाहेर निघायचे. मग मी डबा घेऊन मल्हारगंजात रशीद चाचाच्या दुकानात जाऊन बसायचो. चाचा शिलाई मशीनी दुरुस्त करायचा. बारा वाजता मी डबा खायचो आणि शिफ्ट सुटायच्या वेळी घरी यायचो. शांताला, म्हणजे माझ्या बायकोला, सगळं ठाऊक होतं. तरी ती डबा भरून द्यायची.

एक दिवस त्या दुकानात कडक इस्त्रीचा एक माणूस चरखी घेऊन आला. चरखी म्हणजे गळाच्या काठीला लावायची, दोरी गुंडाळायची फिरकी. आतली स्प्रिंग तुटली होती. चाचा म्हणाला होऊन जाईल, बसा. साहेब बसले आणि बोलायला लागले. नाव करमरकर, पुण्याहून सहा महिन्यांपूर्वी आलेले, पीथमपूरच्या नव्या सुताच्या कारखान्यात मोठे साहेब.

सुताचा कारखाना म्हटल्यावर माझे कान उभे राहिले. ते ठीक होतं. पण पाठोपाठ जीभ पण उभी राहिली, आणि ती एकदा उभी राहिली की बसत नाही.

माझे आजोबा महूच्या पलटणीत होते. एका गोऱ्या मेजरच्या काठ्या उचलून ते नर्मदेवर जायचे, एवढं खरं. मेजरने तिथे एक मोठा बाडस धरला, तेही खरं. बाडस म्हणजे महाशीर, नर्मदेकडे त्याला बाडस म्हणतात. पण तो मासा मेल्यानंतरही आमच्या घरात वाढत राहिला. माझ्या लहानपणी तो बकरीएवढा होता, माझ्या लग्नापर्यंत वासराएवढा झाला. मी साहेबांना वासराचा सांगितला. वर हेही सांगितलं की तो डोह आजोबांनी मला बोट धरून दाखवला होता. माझा जन्म आजोबा गेल्यानंतर चार वर्षांनी झाला.

साहेबांचे डोळे एकदम ओले झाले. पेटीतून त्यांनी एक जाड पुस्तक काढलं. पानोपानी समुद्रातले मासे टांगलेले आणि बाजूला गोरी माणसं उभी. मासे असे, की पहिल्या फोटोत मी माशालाच साहेब समजलो. हे सगळे रेकॉर्ड, साहेब म्हणाले. मोठ्या माशासाठी माणूस बोटीत खुर्ची ठोकून घेतो, खुर्चीला स्वतःला पट्ट्याने बांधून घेतो आणि दिवसदिवस ओढत बसतो. मी म्हटलं, आमच्याकडे असं फक्त न्हाव्याकडे बसतात, आणि तिथेही बांधत नाहीत. साहेब हसले नाहीत. त्यांचं दुखणं वेगळं होतं. पुण्यात त्यांचा एक गळवाल्यांचा क्लब होता. तिथल्या भिंतीवर फळी, फळीवर सगळ्यात मोठ्या महाशीरचं वजन, सोळा किलो, आणि वजनाखाली त्यांच्या साडूचं नाव. साडू दर दिवाळीला फोन करून विचारायचा, काय रमेश, काही लागलं का गळाला?

मी म्हटलं, साहेब, अपन त्या साडूला दिवाळीच्या आत झोपवू. आणि मग मी हळूच विचारलं की तुमच्या कारखान्यात वाइंडिंग आहे का. साहेब जरा थांबले. मग म्हणाले, आहे. पाहू.

"पाहू" ऐकलं आणि मी शनिवारची सुट्टी टाकली. कोणाकडे टाकली ते विचारू नका. रशीद चाचाला सांगितलं, एवढंच.

घरी शांताने चादर काढून दिली, मिलचीच, जाड, बंद व्हायच्या आधीच्या वर्षी कामगारांना वाटलेली. तिने एकच सांगितलं, की माशाबद्दल जे बोलायचं ते बोला, पण कामाचं पक्कं करून या, मुलीच्या कॉलेजचं वर्ष तुमच्या गमतीवर निघणार नाही. त्यानंतर मी गाडीत बसेपर्यंत एकही विनोद केला नाही. माझ्या हिशोबाने हा पण रेकॉर्डच.

छोट्या लाइनीची, म्हणजे मीटर गेजची, गाडी राऊपर्यंत बैलगाडीसारखी आणि महूपुढे म्हाताऱ्या बैलगाडीसारखी जाते. महूला आमच्या लोकांची अर्धी बिरादरी राहते. कोणी फौजी पेन्शनवर, कोणी बँकेत, कोणी मास्तर. खिडकीतून दोन ओळखीचे दिसले. मी काठी उंच करून दाखवली. एकाने मोठ्याने विचारलं, काय बबन, झेंडा कुठेय? पातालपानीला धबधबा बघायला सगळा डबा एका बाजूला झाला. मी पण गेलो, आणि गळ्यातला कॅमेरा खिडकीच्या गजाला असा आपटला की साहेबांनी तो काढून स्वतःच्या गळ्यात घातला. तिथून पुढे घाट. बोगदे, दरी, रुळाकडेला माकडं. मागून दुसरं इंजिन लावतात. तेवढ्या वेळात साहेब मला रेकॉर्डचे नियम समजावत होते.

नियम जगभर एकच आहेत म्हणाले. वजन जमिनीवर करायचं, बोटीत नाही. काटा तपासलेला पाहिजे. फोटो पाहिजे. साक्षीदार पाहिजे, तो तुम्ही. एवढं मी कान देऊन ऐकलं. पाचवा नियम ते सांगायला लागले आणि कालाकुंड आलं. कालाकुंडला पळसाच्या पानावर कलाकंद मिळतो. गाडी थोडीच थांबते आणि सगळी गाडी एकाच माणसाभोवती गोळा होते. मी खिडकीतून अर्धा बाहेर होतो. साहेब नियम सांगत राहिले आणि मी आतल्या अर्ध्या अंगाने मान हलवत राहिलो. परत आत आलो तर ते विचारत होते, "हे सगळ्यात महत्त्वाचं. कळलं ना?"

मी तोंड भरलेलं असल्यामुळे डोक्यानेच हो म्हटलं.

बडवाहला उतरून टेम्पोने नदीकाठच्या एका गावात गेलो. गावाचं नाव लिहीत नाही, तिथे मला अजून "इंदौर वाले जानकार" म्हणतात आणि हसतात. नाव हाकणारा नथ्थू केवट आमच्या दोघांचा वाटाड्या होता. साठीचा, काळा, कमी बोलणारा, बिडी कानावर. नर्मदा मी आधी पुलावरूनच बघितली होती, गाडीतून हात जोडून. जवळून ती फार मोठी निघाली. पाणी हिरवं, मधे काळे खडक, आणि एवढी शांत की आपलं पोट वाजलं तरी ऐकू यावं.

नथ्थूने विचारलं, किधर. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी आजोबांसारखं तोंड केलं. आजोबांचं तोंड मी बघितलेलं नाही, तरी केलं. समोर लांब एक वळण दिसत होतं, तिकडे बोट केलं आणि म्हटलं, तिथे, मेजरचा डोह.

नथ्थूने कानावरची बिडी काढली, पेटवली, आणि म्हणाला, "वहाँ तो भैंसें नहाती हैं, भिया."

(भिया म्हणजे भाऊ. पण आमच्या मालवा-निमाडकडे तो ज्याला वेडा म्हणायचा असतो त्यालाही लावतात.)

मी म्हटलं, मेजरच्या वेळी नव्हत्या. आम्ही गेलो. म्हशी होत्याच, अकरा. त्यांच्यापासून जरा अंतर ठेवून साहेबांनी पेटीतून पितळेचा चकचकीत चमचा काढला. खरा चमचा नाही, माशासारखा दिसणारा, खाली तीन तोंडांचा गळ लावलेला. विलायती. तो पाण्यात ओढला की मासा चिडून धावतो म्हणे. साहेबांनी काठी मागे नेली आणि जोरात पुढे फेकली. चमचा पुढे गेलाच नाही. तो मागे माझ्या पँटीत बसला होता. साहेबांना वाटलं फांदीत अडकला, म्हणून त्यांनी आणखी एक हिसका दिला.

त्या दिवशीचा पहिला मोठा मासा मी. वजन छप्पन्न किलो, साडूच्या माशाच्या साडेतीनपट, पण नियमात बसत नव्हतो. नथ्थूने मला नावेत पालथं पाडून गळ काढला. त्याने हसू दाबलं होतं, पण नाव हलत होती.

संध्याकाळपर्यंत चमच्याला काही लागलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पण नाही. साहेबांचा चेहरा साडूकडून फोन आल्यासारखा व्हायला लागला. आमची गाडी संध्याकाळची होती. मला वाइंडिंगचा दरवाजा बंद होताना दिसत होता, आणि त्यात माझं बोट.

दुपारी नथ्थूच्या बायकोने काठावर दाल-बाफले आणून दिले. (बाफला म्हणजे कणकेचा गोळा, आधी उकळायचा, मग गोवऱ्यांवर भाजायचा, मग तुपात बुडवायचा.) साहेब उदास, खात नव्हते. मी त्यांच्या वाट्याचेही खायला घेतले. खडकावर बसून एक बाफला फोडत होतो, तुपाचे हात, तो सटकला आणि टप्पा खात पाण्यात गेला. वरणाच्या वाटीएवढा गोळा. पाण्याखालून एक तोंड वर आलं. घाई नाही, गडबड नाही. आमच्या मुकादमाने पान तोंडात घ्यावं तसा त्याने बाफला घेतला आणि खाली गेला. मागे शेपूट वर आलं, ते झाडूएवढं होतं.

मग नथ्थू म्हणाला की घाटावर येणारे लोक पिढ्यान् पिढ्या याला आटा खिलवतात, हा चमच्याला कशाला तोंड लावेल. साहेबांनी विचारलं, कालपासून का नाही सांगितलंत? नथ्थूने माझ्याकडे बोट केलं. "आपके साथ जानकार थे."

साहेबांनी मोठा गळ काढला, त्यात बाफला बसवला, वरून तूपही लावलं. मला सांगितलं की जाळी घेऊन खाली, वीस हातांवर, मांडीभर पाण्यात उभे राहा, मासा दमून आला की जाळीत घ्या. मी उभा राहिलो. पोहता येत नाही हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

पहिला बाफला लहान मासे टोचून खाऊन गेले. दुसऱ्याला चरखी किंचाळली.

त्यानंतर काय काय झालं ते मी लग्नात हातांनी करून दाखवतो, लिहून जमत नाही. काठी धनुष्यासारखी वाकली. दोरी माझ्या समोरून पाणी चिरत एकदा इकडे, एकदा तिकडे. म्हशी बाहेर निघाल्या. साहेब कधी मासा शांत होईल म्हणून चार पावलं पुढे, कधी दहा पावलं मागे, तोंडाने इंग्रजीत देवाचं नाव. अर्धा तास, जास्तच. मासा दमत आला होता. पाण्यात पिवळी बाजू दिसायला लागली. जाळी माझ्या हातातून केव्हाच वाहून गेली होती, हेही मी सांगितलं नव्हतं.

आणि शेवटच्या ओढीला दोरी खडकाच्या धारेवर गेली. त्याच वेळी साहेबांचा पाय घसरला, ते पाण्यात बसले, टोपी तोंडावर आली. माझ्या अगदी जवळ, हातभर अंतरावर, दोरीने आवाज केला. टिक.

तो आवाज मी एकोणीस वर्षं ऐकलाय. तार तुटली की आधी हात जातो. मग डोळा जातो. डोकं बहुतेक जातच नाही. माझा डावा हात माशाकडचं टोक घेऊन बसला होता, पंज्याला दोन वेढे पण पडले होते, मासा ओढत होता, नायलॉन कातड्यात शिरत होतं. उजव्या हाताने काठीकडचं टोक पाण्यावरून उचललं. टोकावर टोक, अंगठ्यावरून वेढा, खाली दाबलं, ओढलं. मिलमध्ये जेवढा वेळ लागायचा तेवढाच लागला. गाठीची शेंडीपण मी दातांनी तोडली. शेंडी लांब राहिली तर पुढे कापडात दिसते, मुकादम पगार कापायचा. मग वेढे सोडले, आणि मासा परत साहेबांचा झाला.

साहेबांनी टोपी वर केली तोपर्यंत सगळं जसंच्या तसं होतं. फक्त दोरी गुंडाळताना एकदा गाठ काठीच्या कड्यातून गेली, तेव्हा "टक" झालं. त्यांनी ऐकलं नसावं. नथ्थूने नाव आडवी घालून मासा काठाला लावला.

चादर ओली करून त्यात मासा घातला. बाभळीच्या फांदीला साहेबांचा काटा टांगला. चादरीसकट एकोणीस किलो. मग चादरीचं वजन वजा करायचं म्हणून नथ्थूने मासा पाण्यात धरून ठेवला आणि नुसती ओली चादर टांगली. दीड किलो. साहेबांनी वाळूवर काडीने हिशोब केला, पुसला, परत केला. साडेसतरा.

साडूपेक्षा दीड किलो जास्त. म्हणजे एक ओली चादर जास्त.

साहेब वाळूवर बसून रडले. मग माशाबरोबर फोटो, काठीबरोबर फोटो, नथ्थूबरोबर फोटो. माझ्यासोबतही काढला. माझ्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला आणि म्हणाले, बबनराव, तुम्ही नसतात तर. मला वाटलं आता वाइंडिंग झालं. मासा परत चादरीत घालून नथ्थू कमरेभर पाण्यात उभा होता, मासा जिवंत राहावा म्हणून. साहेबांनी पेटीतून क्लबचा छापील कागद काढला, इंग्रजी. एकेक ओळ मराठीत वाचून भरायला लागले. जागा, वेळ, काठी, गळ. आमिष, तिथे त्यांनी जरा विचार करून बाफला लिहिलं. शेवटी साक्षीदाराची ओळ आली.

"मासा लागल्यापासून बाहेर येईपर्यंत काठीला किंवा दोरीला दुसऱ्या कोणीही हात लावलेला नाही," त्यांनी वाचलं आणि पेन माझ्यापुढे केलं. "इथे सही."

आता इथे शहाणा माणूस सही करतो. मी विचार केला, हीच वेळ आहे. साहेब खूश आहेत, कारखान्यात वाइंडिंग आहे, माझ्या कामाचा नमुना दाखवायला यापेक्षा चांगला मोका मिळणार नाही.

मी म्हटलं, "साहेब, तार तुटली होती. तुम्ही पाण्यात बसला होतात तेव्हा. मी जोडली. बघा तुम्ही, सापडणार नाही इतकी बारीक बसली आहे."

आणि पंजा उघडून दाखवला. दोन लाल रेघा होत्या. मी शाबासकीची वाट बघत उभा राहिलो.

साहेबांनी चरखी उचलली आणि दोरी सोडायला लागले. बोटांमधून हातहात दोरी जात होती. एका जागी बोट थांबलं. ते गाठीकडे एवढा वेळ बघत राहिले की मला वाटलं आवडली.

मग त्यांनी मला कालाकुंडचा पाचवा नियम परत सांगितला, दुसऱ्याचा हात लागला की मासा बाद. हळू आवाजात.

नथ्थू पाण्यातून म्हणाला, "कौन देख रिया है साब." मासा पण चादरीत पडून ऐकत होता. मला आता सगळं कळलं होतं, थोडं उशिरा कळलं एवढंच. साहेबांचं नाव फळीवर चढलं नाही म्हणजे माझं वाइंडिंग गेलं. मी पेन घेतलं. म्हटलं, "साहेब, मी सही करतो. इंग्रजी आहे ना. मला वाचता येत नाही."

साहेबांनी पेन माझ्या हातातून परत घेतलं.

"मला येतं," ते म्हणाले.

कागद त्यांनी चार घड्या करून खिशात ठेवला. मग बूट काढले, पँटीसकट पाण्यात गेले, नथ्थूकडून चादर घेतली आणि खाली सोडली. मासा लगेच गेला नाही. त्यांच्या गुडघ्याशी थोडा वेळ उभा राहिला, गालफडं हलवत. बहुतेक दुसऱ्या बाफल्याची वाट बघत असेल. मग गेला.

परतीच्या गाडीत साहेब खिडकीला आणि मी दरवाज्याजवळ. पंज्याला नथ्थूच्या बायकोने हळद लावून फडकं बांधलं होतं. कालाकुंडला मी खाली उतरलो नाही. बोलायचं नाही असं ठरवलं होतं. पातालपानीपर्यंत ठरलेलं राहिलं, पुढे साहेबांनीच एकदा विचारलं, दुखतंय का. मी म्हटलं नाही. बस, एवढंच.

इंदूरला रात्री उतरलो. स्टेशनाबाहेर साहेबांची पेटी ऑटोत ठेवली. वाटलं, आता ते बसतील आणि जातील. पण ते थांबले. चरखीवरची दोरी थोडी काढली आणि म्हणाले, एकदा करून दाखवा, कशी जोडलीत.

मी दोन टोकं हातात घेतली आणि मला काही आठवेना. खरं सांगतो. बोटं इकडची तिकडे. मी म्हटलं, साहेब, सांगून होत नाही, ती तुटायला लागते. तर ते दोरी माझ्या दोन हातांत ताणून द्यायला लागले आणि पेटीतली छोटी कात्री काढून मधेच कापली. टिक. मी बघितलं तोपर्यंत गाठ झालेली होती. त्यांनी परत कापली, परत झाली. पाच वेळा. फडकं बांधलेल्या हाताने. ऑटोवाले जमा झाले. एकाने विचारलं, भिया, जादू का खेल है क्या? साहेब गाठ ओढून बघायचे, नखाने चाचपायचे आणि परत कापायचे. त्यांचा चेहरा दुपारी मासा वर आला तेव्हा होता तसा झाला होता.

मग कात्री खाली केली आणि माझ्याकडे न बघता बोलले.

"बबनराव, आमच्याकडे हे काम नाही. धागा तुटला की मशीन स्वतः टोकं शोधतं आणि हवेने जोडतं. गाठ पण नसते. माणसाला फक्त स्क्रीन वाचायची असते, इंग्रजीत. तुम्हाला हे मी मल्हारगंजातच सांगायला हवं होतं. मला नदीवर यायचं होतं म्हणून पाहू म्हणालो."

मी म्हटलं, मासा पास झाला असता तर? ते म्हणाले, तरी हेच सांगावं लागलं असतं. कदाचित पत्राने.

आता इथे रागवायला पाहिजे होतं. शांता रागावली, नंतर, माझ्या वाट्याचंही. पण मला हसू यायला लागलं. दोन दिवस मी त्यांना नसलेला डोह दाखवत होतो आणि ते मला नसलेली नोकरी. मी म्हटलं, साहेब, खरं सांगायचं तर मेजरचा डोह मला पण ठाऊक नव्हता.

"ते मला म्हशी बघितल्या तेव्हाच कळलं," साहेब म्हणाले. ऑटोत बसले. बसल्यावर हात बाहेर काढून ती पाच गाठींची दोरी माझ्या हातात दिली, आणि चरखीवरची उरलेली पण, नदीतल्या गाठीसकट. म्हणाले, ही आता कशातच चालणार नाही.

तर असा हा माझा प्रवास. लोक देवदर्शनाला जाऊन येतात, प्रसाद आणतात, मी नायलॉन आणलं. मुलीने विचारलं, बाबा, काय बघितलं? मी सांगितलं, सोळा किलोवरचा मासा बघितला. आणि जे तिला सांगितलं नाही ते इथे लिहितो, ती दुरुस्त करताना वाचेलच. तीन वर्षांत पहिल्यांदा मी कामावर होतो. मांडीभर पाण्यात, जेमतेम पळभर. काम चोख झालं. पुढच्या खात्याने परत पाठवलं, ती वेगळी गोष्ट.

साहेब पुढच्या वर्षी पुण्याला परत गेले. फळीवर साडूच आहे, असं त्यांनी कार्डावर लिहिलं होतं. मी दुसरी कामं शोधली, काही मिळाली, काही टिकली नाहीत, ते सगळं लग्नात सांगण्यासारखं नाही.

दोरी शांताने गॅलरीत कपडे वाळत घालायला बांधली. साडेसतरा किलोच्या बाडसाला धरून ठेवलेली, ती आता माझे बनियन धरते, मुलीचे कॉलेजचे ड्रेस आणि शेजारच्यांची गोधडी पण. शेजारीण घाबरते, म्हणते वहिनी, एवढं वजन, मधे गाठी आहेत, तुटली तर?

शांता तिला सांगते, तुटू दे. हे घरीच असतात.